पोरांना धंदा सुचतो तो काय फक्त रील बघून?

सुरसागर_काठी: बडोद्याच्या ग्रुपवर एका काकांनी टाकलंय, "हल्ली कॉलेजातल्या पोरांना नोकरी नको, रील बघून स्टार्टअपचं खूळ." डोकंच फिरलं. माझा भाऊ इथल्या एमएसयूत (सयाजीराव विद्यापीठात) टेक्नॉलॉजीला आहे, त्याच्या वर्गात धंदा करू म्हणणाऱ्यांच्या घरी आधीच काहीतरी असतं, कुणाचं मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, लेथचं वर्कशॉप, कुणाचं मांडवीत दुकान, पोरगा सुट्टीत गल्ल्यावर बसून उधारी वसूल करायला शिकलेला असतो मग भीती कसली! आपल्याकडे धंदा म्हटलं की आई देव पाण्यात घालून बसते.

निवृत्त_पासबुक: मीच तो काका. जन्मभर बँकेत कर्जाच्या फायली बघितल्यात. पोरं सीएने बनवलेला रिपोर्ट घेऊन येतात, नफा किती विचारलं की पानं उलटतात. डोक्यावर बॉस नको, एवढंच असतं. आणि मराठी माणसाला धंदा जमत नाही हे जगजाहीर आहे.

कलाभवनी: आलंच ते वाक्य! 1907 ला बडोद्यात अलेम्बिक ही औषधांची कंपनी काढली त्यात गज्जर, अमीन यांच्यासोबत आपले मराठी कोटिभास्कर होते ना?

निवृत्त_पासबुक: आणि वाढवली कुणी? अमीनांनी.

कलाभवनी: म्हणजे सुरू करणं मोजायचंच नाही? गज्जर आधी कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा चालवायचे, 1890 ची. शिकवता शिकवता कारखाना सुचतो तो असा.

निवृत्त_पासबुक: एक आडनाव किती वर्षं पुरवणार?

सुरसागर_काठी: अहो, भावाच्या वर्गावरून 1907 ला कुठे पोचलात दोघं!!

एमबीए_अर्धवट: आयझेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1991 मध्येच मांडलंय, स्वतःला ते बरं वाटतं का, घरचे काय म्हणतील, आणि आपल्याला झेपेल का, यावर काही करायचा इरादा ठरतो. त्यात घरच्यांचं मत बऱ्याच अभ्यासांत सगळ्यात कमजोर निघतं, ताई.

सुरसागर_काठी: त्यांना आमची दांडिया बाजारातली आत्या भेटली नसेल.

डबा_फतेगंज: मी बीकॉमला असताना हॉस्टेलच्या पोरींना डबे सुरू केले, स्वप्नबिप्न काही नव्हतं, बाबांचा पगार थकला होता. कॉलेजच्या स्टार्टअप सेलमध्ये गेले तर म्हणे यात इनोव्हेशन काय, ॲप आहे का? बक्षीस ॲपवाल्याला. त्याचं ॲप उघडत नव्हतं, माझा डबा रोज उघडत होता. आता दोन बायका हाताखाली आहेत.

निवृत्त_पासबुक: बरं बाई, तुला दिलं असतं कर्ज. पीपीटीवाल्याला नाही. जामीनदार मात्र लागला असता.

डबा_फतेगंज: सरकारच्या मुद्रा कर्जाला तारण लागत नाही काका, 2015 पासून.

निवृत्त_पासबुक: कागदावर.

डबा_फतेगंज: तुमच्याच टेबलावरच्या ना?