मदत हवी आहे: मुलीला ही गोळी सुरू करू का? (तातडीचं)

रेवाची_आई: डॉक्टरांनी लेकीला गोळ्या लिहून दिल्यात, २१ गोळ्यांचं पाकीट. आज जेवणानंतर पहिली घ्यायची. पाकीट देताना मेडिकलवाला म्हणाला, "या गर्भनिरोधक आहेत, कुणासाठी?" हे सासूबाईंच्या कानावर गेलं आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलंय. पुढे मूल होताना त्रास होतो का? कुणी आपल्या मुलीला दिल्यात का? दवाखाना बंद झालाय, फोन उचलत नाहीत. लवकर सांगा.

चकलीभाजणी: वय? कशासाठी दिल्या? काहीच लिहिलं नाहीत.

रेवाची_आई: पाळीसाठीच, आणखी कशासाठी देणार?

सह्याद्रीवारा: पीसीओडी, हॉर्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास. हल्ली घरोघरी तेच. मैदा, साखर बंद करा. माझ्या भाचीला अळशी आणि भोपळ्याच्या बिया दिल्या, पाळी सुतासारखी सरळ झाली. हॉर्मोनच्या नादी लागू नका.

लॅबवाली_मीना: सोनोग्राफी न बघताच पीसीओडी? आणि बघून तरी काय? पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस (म्हणजे पीसीओडीच) ठरवू नये, असं २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. त्या वयात अंडाशयात बारीक पुटकुळ्या दिसतातच.
रेवाची आई, वय सांगा. आणि पॅड किती वेळात भिजतं?

रेवाची_आई: १३ पूर्ण. पाळी येऊन वर्ष व्हायचंय. या वेळी थांबतच नाहीये. दीड तासात पॅड भिजतं, दहाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात. रात्री खाली टॉवेल घालून झोपते. हिमोग्लोबिन ८.४.

चकलीभाजणी: अहो, हे आधी लिहायचं ना!

दुर्वांकुर: दुर्वांचा रस सकाळी अनशापोटी, वरून अशोकारिष्ट. आमच्या आजीने चार मुलींना दिलं. लग्नानंतर सगळं आपोआप ठीक होतं.

लॅबवाली_मीना: ८.४ वर दुर्वा? पोरगी आत्ता भिजतेय, लग्नाचं काय घेऊन बसलात!
सुरुवातीच्या एक-दोन वर्षांत बरेचदा बीज सुटत नाही. मग प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन तयार होत नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि वेडंवाकडं सुटतं. ते सावरायला या गोळ्या देतात, गर्भनिरोधासाठी नाही. त्यांनी पुढे वंध्यत्व येत नाही, बंद केल्यावर पाळीचं चक्र पुन्हा आपलं आपण चालतं. पण डॉक्टरांना हे सांगितलंत का: तिला डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी होते का? घरात कुणाच्या पायात, फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती का? असेल तर ही गोळी चालत नाही, दुसरी असते. नाकातून रक्त येतं का? दात पडताना खूप आलं होतं?

रेवाची_आई: गुठळी नाही, अर्धशिशी नाही. नाकाचं मात्र हो, उन्हाळ्यात दरवर्षी. त्याचा काय संबंध? मलाही पाळीत असंच जायचं.

लॅबवाली_मीना: मग फॉन विलेब्रँडची तपासणी विचारा. तो रक्त नीट न गोठण्याचा आजार, घराण्यात चालतो. त्यात रक्त गोठवणारा फॉन विलेब्रँड घटक कमी असतो. हॉर्मोनने त्या घटकाची पातळी वाढून दिसते, म्हणून जमल्यास तपासणीचं रक्त गोळीच्या आधी द्यायचं. पण एवढं जात असताना त्यासाठी गोळी अडवू नका. चक्कर आली, उभं राहवेना, पॅड तासाला भिजायला लागलं तर रात्रीच कॅज्युअल्टी गाठा.

चकलीभाजणी: सोनोग्राफी सांगितली तर पोटावरून करतात, भरल्या लघवीला. आत तपासतील म्हणून घाबरू नका.

आकाशकंदील: एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस दिली का? पुण्याच्या सीरमची सर्वाव्हॅक आहे. १४ पर्यंत दोनच डोस.

दुर्वांकुर: लसी, हॉर्मोन... मुलींचं काय करून ठेवलंय!

चकलीभाजणी: त्या रक्तस्रावाचं विचारतायत हो.

रेवाची_आई: डॉक्टरांचा फोन आला. गोळी आजच सुरू करायची, तपासणीचं रक्त उद्या सकाळी. नाकाचं ऐकल्यावर तपासणी वाढवली. लोहाच्या गोळ्याही दिल्यात, चहाबरोबर नको म्हणाल्या. सासूबाई रुसून झोपल्यात.

आकाशकंदील: माझी १५ ची आहे, तिला किती डोस लागतील?

लॅबवाली_मीना: तीन. वेगळा धागा काढा.