बाहेरगावचे पेशंट: वेळ द्यावी की नंबर?

काउंटर_नवी (जळगाव)
जळगावात एका दवाखान्याच्या रिसेप्शनला लागले आहे. एक फिजिशियन, एक स्त्रीरोगतज्ज्ञ, आतच सोनोग्राफी. ओपीडी 10 ते 2. डॉक्टर म्हणतात, प्रत्येकाला वेळ द्या. चोपडा, यावल, धरणगावकडचे लोक फोनवर "नंबर लावून ठेवा" एवढंच म्हणतात आणि एसटी मिळेल तसे येतात. साडेदहाला बाकं भरलेली, 12 ला रिकामी, 1 ला परत गर्दी. न सांगता येणारे वेगळेच. कसं बसवायचं?

रजिस्टरवाला (भुसावळ)
आधी आठवडाभर घड्याळ पाहून लिहा: पेशंट आत कधी गेला, बाहेर कधी आला. डॉक्टर "दहा मिनिटं" म्हणतात ते धरू नका. समजा फिजिशियनकडे नव्याला 15 आणि फेरतपासणीला 8 मिनिटं निघाली. चार तास म्हणजे 240 मिनिटं. वॉर्डातून येणारं बोलावणं आणि तातडीचे पेशंट यांना 30 सोडा, राहिली 210. 6 नवे म्हणजे 90, 12 जुने म्हणजे 96, झाली 186. उरलेल्या 24 मिनिटांत न सांगता आलेले तीन जुने बसतात. चौथ्याला तोंडावर सांगा, "आज नंबर लागेलच असं नाही, थांबायचं का बघा." आशेवर बसवलेला माणूस दर पाच मिनिटांनी काउंटरवर येतो आणि तुमचा फोन त्याच वेळी वाजतो.

कागदावर नंबर, तोंडी वेळ: "तुमचा 7 नंबर, 11 ते साडेअकरा." नेमकं 11.10 सांगून उपयोग नाही. सगळे नवे सकाळी सलग लावू नका, एक नवा, दोन जुने असं विणा. 10 च्या अर्ध्या तासाला एक जुना जास्त घ्या, म्हणजे कुणी उशिरा आला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत. दीड ते 2 शक्यतो कुणाला देऊ नका, मागचं तिथे सरकतं.

तापीकाठ (शिरपूर)
बाहेरगावच्याला अर्ध्या तासाची वेळही पाळता येत नाही, कारण गाडी त्याच्या हातात नाही. फोन आला की पहिला प्रश्न "कुठून येताय, परतीची गाडी कितीची?" 10 ते 11 गावातल्यांना, 11 ते 1 बाहेरगावच्यांना. नंबर हुकला तर काय, हे भिंतीवर लिहून लावा: "नंबर गेल्यास पुढचे तीन झाल्यावर." रोज वेगळा न्याय दिला की रोज भांडण. आणि ओळखीचा म्हणून एकाला मध्ये घुसवलंत की सगळं बाक तुमच्याकडे बघत असतं.

दुसरं, नाव. नुसतं "पाटील, चोपडा" लिहिलंत तर एका दिवशी चार जण उठून उभे राहतात. स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, वय, मोबाइल. मोबाइल कुणाचा तेही लिहा. बऱ्याचदा तो सुरतेला किंवा पुण्याला असलेल्या मुलाचा असतो आणि आठवणीचा फोन त्यालाच जातो. जो पेशंटला घेऊन येणार, त्याचा नंबर मागा. फोन आदल्या संध्याकाळी 7 नंतर, तोवर माणसं शेतातून घरी आलेली असतात. जुनी फाइल आणि गोळ्यांची पाकिटं आणायला सांगा. "बीपीची पांढरी गोळी" यावरून कुणालाच काही कळत नाही.

सोनो_डेस्क (धुळे)
सोनोग्राफीला निम्मा घोळ तयारीचा असतो. पोटाच्या तपासणीला साधारण 6 तास उपाशी, म्हणून ती सकाळी आधी. त्यातही साखरेचे पेशंट सर्वांत पुढे. इन्सुलिन किंवा गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारून कळवा, काउंटरवरून सांगू नका. ओटीपोटासाठी लघवी भरलेली लागते. पण घरून पाणी पिऊन निघा म्हटलंत तर एसटीत हाल होतात. दवाखान्यात आल्यावर, साधारण तासभर आधी पाणी द्या आणि मग त्या बाईंचा नंबर मागे ढकलू नका.

गरोदर बाईंची तारीख आठवड्यांवर ठरते. एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) 11 ते 13 आठवडे 6 दिवस या काळातच होतो, त्यामुळे "पुढच्या सोमवारी या" म्हणण्याआधी शेवटच्या पाळीची तारीख विचारा. व्यंग बघायची सोनोग्राफी साधारण 18 ते 20 आठवड्यांत. प्रत्येकीचा एफ फॉर्म, म्हणजे गरोदरपणातल्या सोनोग्राफीची कायद्याने ठेवायची नोंद, भरावा लागतो. ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी फोनवरच आणायला सांगा. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यात फॉर्ममधली रिकामी जागाही चूक धरली जाते. नोंदी किमान दोन वर्षं ठेवायच्या.

काउंटर_नवी
फार उपयोगी. तातडीचं कोण, हे मी कसं ओळखू? अहिराणी पटकन कळत नाही.

तापीकाठ
ठरवायचं डॉक्टरांनी, तुम्ही फक्त लगेच आत कळवायचं. "छातीमा दुखस", "दम लागस", "जीव घाबरस" यांपैकी काही ऐकलं की नंबर बाजूला. एकदम तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं, साप चावणं, गरोदरपणात रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं, हेही त्यातच. मे महिन्यात उन्हातून आलेला माणूस बरळत असेल, अंग तापलेलं असेल तर त्याला बाकावर बसवूच नका. फोनवर असं कुणी सांगितलं तर अपॉइंटमेंट द्यायची नाही, 108 लावायला सांगायचं आणि आत डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

सोनो_डेस्क
ही यादी डॉक्टरांकडून लिहून, सही करून घ्या आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा. एखाद्याला पुढे सोडलं की मागचा विचारणारच. आजाराचं नाव न घेता "डॉक्टरांनी बोलावलंय" एवढंच सांगा. बायकांना त्रास विचारताना बाकावर ऐकू जाणार नाही असा आवाज ठेवा, नाहीतर त्या "ताप आहे" सांगून मोकळ्या होतात.