‘संमती’ आणि ‘हरकत नसणे’: ‘ऑप्ट-आउट’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या गोपनीयता धोरणांची मराठी भाषांतरे तपासण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. त्यांत एकाच आशयाचे वाक्य वारंवार येते: आपण पाहिलेल्या संकेतस्थळांची माहिती आमच्या जाहिरात भागीदारांशी ‘सामायिक’ केली जाऊ शकते आणि आपण सेवा वापरत राहिल्यास त्यास आपली ‘संमती’ आहे असे समजण्यात येईल. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही, तरीही मराठी वाचकाला त्यातून खरा व्यवहार कळतो का, ही शंका राहते. या दोन शब्दांऐवजी काय वापरावे? आणि ‘ऑप्ट-इन’ (आधी होकार घेऊन मगच सुरू करणे), ‘ऑप्ट-आउट’ (आधीच सुरू करून, नको असल्यास कळवायला सांगणे) या जोडीला मराठी शब्द कोणते?

प्रतिसाद १

आधी ‘सामायिक’ हा शब्द घेतो. मराठीत सामायिक असते ती दोन घरांमधली भिंत, विहीर किंवा सातबाऱ्यावरचे भावाभावांचे क्षेत्र, म्हणजे जिच्यावर दोघांचाही मुळातच हक्क आहे अशी वस्तू. कंपनी ग्राहकाच्या वावराची नोंद जाहिरातदाराशी ‘सामायिक करते’ असे लिहिले की ती नोंद जणू या दोघांच्याच मालकीची होती असा अर्थ निघतो, आणि ज्या माणसाविषयी ती आहे तो वाक्यातून नाहीसा होतो. मित्राला छायाचित्र ‘शेअर करणे’ रूढ झाले आहे, त्याला माझा विरोध नाही. पण येथे ‘देणे’ किंवा ‘पुरवणे’ हे क्रियापद हवे, आणि मोबदला घेतला जात असेल तर ‘विकणे’ हेच हवे.

‘संमती’चा प्रश्न अधिक खोल आहे. परवानगी किंवा अनुमती अधिकार असलेला देतो. सहमती म्हणजे मते जुळणे. संमती म्हणजे दुसऱ्याने पुढे ठेवलेल्या गोष्टीला समजून-उमजून दिलेला होकार. होकार म्हटला की विचारणे आधी आले. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालय संमतिपत्र घेते, तेव्हा काय करणार हे आधी सांगावे लागते. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्रात जो मोठा वाद झाला, त्याच्याही मुळाशी संमती कोणत्या वयापासून खरी धरायची हा प्रश्न होता. (लेखनाविषयी जाता जाता: सुटा शब्द ‘संमती’, पण समासात पहिल्या पदी आल्यास ‘संमति’.)

‘ऑप्ट-आउट’ या व्यवस्थेत विचारणे नसते. आधीच सुरू केलेली गोष्ट नको असेल तर तुम्ही येऊन सांगा, अशी तिची रीत आहे. या रीतीला मराठीत जुना आणि घरोघरी ठाऊक असलेला शब्द आहे: हरकत. जमिनीच्या खरेदीपूर्वी वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतात, की अमुक दिवसांत लेखी हरकत न आल्यास कोणाचाही हक्क नाही, किंवा असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. त्या दिवशी ज्याने वर्तमानपत्र पाहिलेच नाही, त्याने व्यवहाराला संमती दिली असे कोणीही म्हणत नाही. त्याची हरकत आली नाही, एवढेच म्हणतात. म्हणून ‘ऑप्ट-इन’साठी ‘पूर्वसंमती’ आणि ‘ऑप्ट-आउट’साठी ‘हरकत-पद्धत’ असे शब्द मी सुचवतो. दुसऱ्या व्यवस्थेच्या वर्णनात ‘संमती’ हा शब्द येऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २

भेद पटतो, पण ‘मूकसंमती’ हा शब्द आपल्याकडे रूढ आहे आणि ‘मौनं सम्मतिलक्षणम्’ हे वचनही सर्वांना ठाऊक आहे. मग ‘ऑप्ट-आउट’ला मूकसंमती का म्हणू नये? ‘हरकत-पद्धत’ हा शब्द कचेरीतला वाटतो.

प्रतिसाद ३

मौन हे संमतीचे लक्षण ठरते ते प्रश्न ऐकल्यानंतरचे. ज्याला विचारलेच नाही तो मौन पाळत नसतो, त्याला केवळ ठाऊक नसते. हा फरक किती महागात पडतो, याचे ब्रिटनमधले उदाहरण शब्दचर्चेलाही उपयोगी आहे. तेथील बीटी या दूरसंचार कंपनीने २००६ आणि २००७ मध्ये फॉर्म नावाच्या जाहिरात कंपनीची यंत्रणा आपल्या जाळ्यात बसवून हजारो ग्राहकांच्या वावराची गुप्तपणे चाचणी घेतली. ग्राहक कोणती पाने उघडतो हे ती यंत्रणा वाटेतच वाचत असे आणि त्यावरून त्याला जाहिरातींच्या गटांत बसवत असे. ही गोष्ट २००८ मध्ये उघड झाली. पुढे मांडलेल्या योजनेत नकार द्यायची सोय होती, पण तो नकार ग्राहकाच्याच ब्राउझरमधल्या कुकीत, म्हणजे संकेतस्थळाने तेथे ठेवलेल्या छोट्या नोंदीत, साठवला जायचा. कुकी पुसली की नकारही पुसला जाई. संमतीला असे काही घडले असते तर कंपनीने ते क्षणभर तरी चालवून घेतले असते का?

त्या प्रकरणात युरोपीय आयोगाने, म्हणजे ब्रिटन तेव्हा सदस्य असलेल्या युरोपीय संघाच्या कार्यकारी मंडळाने, २००९ मध्ये ब्रिटनविरुद्ध कारवाई सुरू केली आणि तिच्यातला एक मुद्दा नेमका शब्दाचा होता. संमती दिली गेली आहे असे मानण्यास वाजवी कारण असेल, तरी संदेश वाटेत वाचणे ब्रिटिश कायद्याला चालत असे. युरोपीय नियमानुसार मात्र संमती मोकळेपणाने, विशिष्ट गोष्टीसाठी आणि माहितीनिशी दिलेली असावी लागे. ‘संमती आहे’ आणि ‘संमती असावी असे वाटते’ यांतले अंतर अखेर २०११ मध्ये ब्रिटनला कायदा बदलून मिटवावे लागले. अमेरिकेत उलट घडले. तेथे ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्राउझिंगच्या नोंदींसाठी पूर्वसंमतीचा नियम झाला, पण तो अमलात येण्यापूर्वीच, मार्च २०१७ मध्ये, सिनेटने ५० विरुद्ध ४८ आणि प्रतिनिधिगृहाने २१५ विरुद्ध २०५ मतांनी रद्द केला. एका शब्दाच्या बाजूने आणि विरोधात इतकी मते पडतात, तेव्हा भाषांतरकाराने तो शब्द सैल हाताने वापरू नये.

‘कचेरीतला’ हा आक्षेप मला उलट जमेची बाजू वाटतो. भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी व ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असे म्हटले आहे. हे सारे वाचताना मला आपल्या खरेदीखतांतले वाक्य आठवते: ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून दिले असे.’ राजीखुशी म्हणजे मोकळेपण आणि अक्कलहुशारी म्हणजे समज. दोन्ही अटी आपल्या दस्तलेखकांनी केव्हाच शब्दांत बांधल्या आहेत. याच कायद्यानुसार संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावा लागणार आहे, म्हणजे मराठीतही. त्यामुळे प्रश्नकर्त्याच्या हातातले वाक्य उद्या लाखो घरांत वाचले जाऊ शकते.

त्या वाक्यासाठी माझा मसुदा असा: ‘आपण कोणती संकेतस्थळे उघडता याची नोंद आम्ही ठेवतो. ती जाहिरात कंपन्यांना पुरवण्यास आपली संमती आहे का? आपण होकार दिल्याशिवाय ती कोणालाही दिली जाणार नाही. दिलेला होकार आपण केव्हाही तितक्याच सहजपणे मागे घेऊ शकता.’ कंपनीला हे मान्य नसेल आणि तिची व्यवस्था ऑप्ट-आउटचीच असेल, तर वाक्य असे लिहावे: ‘ही नोंद आम्ही जाहिरात कंपन्यांना पुरवतो. आपली हरकत असल्यास येथे नोंदवावी.’