अंतर भागिले वेग? एवढं सोपं नाही
विमानाला किती वेळ लागतो यावर कुणीतरी 15,300 किमीला ताशी 900 किमी वेगाने भागून सिंगापूर-न्यूयॉर्क 17 तास काढलेत, ढोबळ अंदाज म्हणून ठीके, पण तिकिटावर जवळजवळ 19 तास दिसतात ते गेट टू गेट (एका विमानतळाच्या गेटवरून निघून दुसऱ्याच्या गेटला लागेपर्यंत) असतात, म्हणजे रनवेच्या रांगेत ताटकळणं वगैरे सगळं आलं त्यात.

आणि खरी गंमत वाऱ्याची आहे. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, त्यामुळे लंडनहून न्यूयॉर्कला जाताना साधारण 8 तास आणि येताना 7च्या आसपास, अंतर तेच 5,500 किमी! फेब्रुवारी 2020 मध्ये तर वादळी वाऱ्यात एक विमान 5 तासांच्या आत लंडनला पोचलं होतं. समोरच्या स्क्रीनवर ग्राऊंड स्पीड (जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग) ताशी 1,000 किमीच्या वर दिसला की समजायचं, वारा मागून ढकलतोय.