दोन भाऊ, एकच व्हायरस

ताई, तुम्ही विचारलंत की दोघा भावांना हिपॅटायटिस बी, एकालाच लिव्हर कॅन्सर झाला, मग सगळं जीन्सवरच असतं का. आमच्या देवगडच्या मामांचं असंच झालं म्हणून लिहितेय. जन्मजात जीन्सचा फरक असतोच, पण हा व्हायरस आपला डीएनए लिव्हरच्या पेशीच्या डीएनएत घुसवतो, कॅन्सरच्या गाठीत बरेचदा टर्ट नावाच्या, पेशीला वाढत ठेवणाऱ्या जीनजवळ, आणि मग एखादी पेशी वाढायची थांबतच नाही, कधीकधी सिरोसिस (लिव्हर व्रण पडून कडक होणं) नसतानाही. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात शेंगदाण्यांना, सुक्या खोबऱ्याला बुरशी येते, तिच्यातलं अफलाटॉक्सिन हे विष पी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जीनमध्ये २४९ नंबरच्या जागी बिघाड करतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्याला त्यातून कॅन्सरचा धोका कितीतरी जास्त. मामी हिरवट डाग सुरीने खरवडून तीच वाटी वाटणाला घ्यायची, अजून डोळ्यासमोर आहे. खरवडून, भाजून ते पूर्ण जात नाही हो, टाकूनच द्या.

आणि माणूस किती जगेल ते गाठ केवढी असताना सापडली यावर खूप अवलंबून असतं. मामांची पोट फुगल्यावर कळली, उशीर झाला होता. दुसऱ्या भावाला बरं वाटतंय म्हणून सोडू नका, लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवून दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ताची तपासणी सुरू करा, व्हायरल लोड म्हणजे रक्तात व्हायरस किती तेही बघा. मुलांचं हिपॅटायटिस बीचं लसीकरण झालंय ना?