जुन्या पीसीवर लिनक्स टाकू का?

उद्यमनगरकर: आमचं लेथचं वर्कशॉप आहे, हापिसातला पीसी जुना, ४ जीबी रॅम, विंडोज ११ घेतच नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला. सगळे म्हणतात विंडोजच्या जागी लिनक्स टाक. पण फुकट देतात म्हणजे बनवतंय कोण आणि भरवसा ठेवायचा का? बिलं आणि मराठी पत्रं, एवढंच काम.

राजारामपुरीवाला: बिनधास्त टाक भावा. १९८३ ला रिचर्ड स्टॉलमन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं ग्नू प्रकल्प (कुणालाबी मोकळेपणानं वापरता-बदलता येईल अशी सिस्टीम बनवायचं काम) जाहीर केला, १९९१ ला हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहून नेटवर टाकला, मग जगभरची लोकं त्यात भर घालत गेली आणि आता इंटेल, गूगलसारख्या कंपन्या पगारी माणसं लावून कोड लिहून घेतात कारण त्यांचा धंदाच त्यावर चालतोय. कोड उघडा, कुणीबी तपासू शकतं, मला तर हीच गोष्ट लई भारी वाटते. अँड्रॉइड फोनमधी कर्नल तोच की!

रंकाळा_ताई: दादा, आधी बिलं कशात करता ते बघा. टॅली असेल तर ते विंडोजचं आहे, घाई करू नका. नसेल तर मिंट नावाच्या लिनक्सची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, हलकी आहे, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून बघा आणि प्रिंटर तेव्हाच जोडून एक पान काढा. मराठीला इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांची ठरलेली मांडणी) सेटिंगमध्येच मिळतो, पत्रं लिब्रेऑफिस या वर्डसारख्या फुकट प्रोग्राममध्ये होतील. जुन्या फाइली युनिकोड (अक्षरं सगळीकडे सारखी दिसायची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या असतील तर मात्र कन्व्हर्ट कराव्या लागतील. आणि डेटाचा बॅकअप आधी, मग बाकी सगळं.