पाच टक्के दिव्यांग निधी: वाटायचा की रॅम्पला लावायचा?

ओळंबा:
स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी मार्चअखेर दिव्यांगांच्या खात्यांवर टाकून ग्रामपंचायती मोकळ्या होतात. हे वाटप थांबवावं. घरपट्टी-पाणीपट्टीचे ४ लाख जमले तर निधी २० हजार. २५ दिव्यांग असतील तर माणशी ८०० रुपये. त्यात धड कुबड्याही येत नाहीत. त्यापेक्षा कार्यालयाला नीट रॅम्प करा.

कीर्दवही:
साफ अमान्य. रॅम्पचा बोजा या निधीवर नकोच. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ४४: नियमाप्रमाणे सुगम्य (दिव्यांगांना सहज वापरता येईल अशा) नसलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम ४५ ने ५ वर्षं दिली; नियम जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच सरली. हा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकातला. तो दिव्यांगांच्या ८०० रुपयांतून काढणं म्हणजे पाहुण्याच्याच खिशातून चहा.

ओळंबा:
दाखले मिळतातच हो. चौथरा ६० सेंमी असेल तर १:१२ उताराला (१ उंचीला १२ लांबी) ७.२० मीटर लांबी हवी, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. दारापुढे मोकळे असतात ३ मीटर. मग ठेकेदार १:५ ची घसरगुंडी ओततो, वर गुळगुळीत फरशी. चढताना व्हीलचेअरची पुढची चाकं उचलली जातात. एमबीत (कामाच्या मोजमाप पुस्तकात) मात्र नोंद: 'रॅम्प, १ नग'. मध्ये वळण घेतलं तर तेवढ्याच अंगणात बसतो, पण नकाशा काढताना चौथऱ्याची उंची विचारतो कोण?

टाचणी:
'१ नग' चालून गेला, कारण मापं नुसती शिफारस धरली जात होती. राजीव रतुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच कारणाने सुगम्यतेच्या निकषांचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष ३ महिन्यांत करायला केंद्राला सांगितलं. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १० हजारांपर्यंत दंड, पुढच्यांना ५० हजार ते ५ लाख.

कीर्दवही:
आणि ग्रामपंचायतीने भरला तर तो दंडही घरपट्टीतूनच! दंडाची वाट बघण्यापेक्षा कार्यालय, शाळा, अंगणवाडीचे रॅम्प विकास आराखड्यात घ्या, वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) निधीतून. ५ टक्क्यांना हात नको.

ओळंबा:
पैसा कुठलाही लावा, हे मान्य. पण अंदाजपत्रकात चौथऱ्याची उंची आणि उताराची लांबी शेजारीशेजारी लिहिल्याशिवाय सही नको. नुसतं 'रॅम्प' लिहिलंत की ३ मीटरच येणार.